‘हॉकीनं सगळं दिलं, मग कृतज्ञता का वाटत नाही?’

स्पर्धात्मक हॉकी सोडलेले खेळाडू समुपदेशनाला येतात तेव्हा तक्रार बहुतेक वेळा झोपेची असते, चिडचिडीची असते, नाहीतर वाढलेल्या वजनाची. खरा प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत निघतो, आणि जवळजवळ त्याच शब्दांत निघतो: “खेळानं नोकरी दिली, घर दिलं, चार लोकांत ओळख दिली. सगळे म्हणतात, आणखी काय हवं? मला मात्र काहीच वाटत नाही. उलट रागच येतो. मी कृतघ्न आहे का?”

एका गोलकीपरच्या अनुभवातून याचं उत्तर बघू. ओळख पटू नये म्हणून गाव, वय, खातं बदललं आहे आणि सारख्याच काही अनुभवांतले तपशील एकत्र केले आहेत.

वय ३२. पुण्याजवळ वाढलेली. सातवीत स्टिक हातात आली आणि उंची बघून सरांनी थेट गोलमध्ये उभी केली. एकविसाव्या वर्षी स्पोर्ट्स कोट्यातून सरकारी नोकरी लागली. खात्याच्या आणि राज्याच्या संघाकडून दहाएक वर्षं खेळली, दोनदा राष्ट्रीय शिबिरापर्यंत पोचून परत आली. उजव्या गुडघ्याचा मेनिस्कस, म्हणजे सांध्यातली कूर्चेची गादी, फाटला, ऑपरेशन झालं, सहा महिने फिजिओ, परत मैदान, परत सूज. खात्यानं नवी गोलकीपर घेतली आणि हिचा निरोपसमारंभ झाला. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. माईकवर तिनं तीन मिनिटांत सोळा जणांचे आभार मानले. त्यातला एकही चेहरा बोलताना डोळ्यांसमोर नव्हता, हे तिचंच म्हणणं.

त्यानंतर रोज पहाटे साडेचारला जाग, कारण शरीराला सरावाची वेळ पाठ. उठून करायचं काय, ते मात्र ठाऊक नाही. एकदा जेवताना आई म्हणाली, “हॉकी नसती तर आज कुठं असतीस? जरा समाधान मान.” ती ताट सरकवून उठली आणि रात्रभर स्वतःलाच बोल लावत राहिली.

आधी एक स्पष्ट करायला हवं. निवृत्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जी चित्रं येतात, ती अपवादात्मक लोकांची असतात. ८ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये भारतानं स्पेनला २-१ नं हरवून कांस्यपदक घेतलं आणि कर्णधार हरमनप्रीत सिंगनं गोलकीपर पी. आर. श्रीजेशला खांद्यावर घेतलं. श्रीजेशनं निवृत्ती स्पर्धेआधीच जाहीर केली होती. भारताकडून खेळलेल्या मुंबईच्या वीरेन रस्किन्हानं २००८ मध्ये स्वतःहून खेळ थांबवला, हैदराबादला व्यवस्थापन शिकायला गेला आणि पुढं ऑलिंपिक गोल्ड क्वेस्ट या संस्थेत खेळाडूंसाठी काम करू लागला. कधी थांबायचं, हे या दोघांनी स्वतः ठरवलं. बाकीच्यांना ते ठरवता येत नाही. यादी लागते, यादीत नाव नसतं, आणि मग मागं वळून हिशोब लावायचा की शेवटची मॅच नेमकी कुठली होती. निर्णय दुसऱ्यानं घेतलेला असताना पहिल्यांदा राग येणं अगदी स्वाभाविक आहे.

तेव्हा प्रश्नाचं थेट उत्तर: नाही, ही कृतघ्नता नव्हे. तीन वेगवेगळ्या गोष्टींची गाठ बसलेली असते. जे गेलं त्याचं दुःख, कुणाकुणाच्या उपकारांचं दडपण, आणि त्या दोन्हींच्या खाली दबलेली कृतज्ञता. वरच्या दोन न हलवता तिसरी ओढून काढायला गेलं की सत्काराचं भाषण तयार होतं.

पहिल्या दोन भेटींत कृतज्ञतेचा विषय काढलाच नाही. झोप किती, भूक कशी, रडू येतं का, कशातच मन लागत नाही असं सलग दोन आठवडे चाललंय का, दारू, वेदनाशामक गोळ्या, आणि जगणं नकोसं वाटतं का, हेही सरळ शब्दांत विचारलं. आडवळणानं विचारलं की उत्तरही आडवळणानं येतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदासी असेल किंवा मरणाचे विचार येत असतील, तर पुढं येणारी पत्रं नि वह्या बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञ. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

हिच्या बाबतीत गोळ्यांचा मुद्दा निघाला. मॅचआधी वेदनाशामक घ्यायची सवय होती आणि मॅच संपल्या तरी सवय राहिली होती. सकाळी ऑफिसला निघताना एक, सहज. पोट आणि मूत्रपिंड यांना हे परवडत नाही, म्हणून फिजिशियनकडे पाठवलं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व यांच्या तपासण्याही सोबत केल्या. थकवा मनाचाच आहे असं धरून चालायचं नसतं.

दुसरी गोष्ट व्यायामाची. हंगामात आठवड्याला पाच दिवस टर्फ (कृत्रिम गवताचं मैदान) आणि तीन दिवस जिम, निरोपानंतर शून्य. भूक तेवढीच राहते, झोप बिघडते, अंगात राहिलेली ताकद घरच्यांवर निघते. शरीराला असा एकदम ब्रेक लावू नये. तिला आठवड्यातून चार दिवस, ४० मिनिटांचा कार्यक्रम दिला: दोन दिवस पोहणं किंवा स्थिर सायकल, दोन दिवस मांडी आणि कंबर बळकट करणारे व्यायाम, तेही फिजिओनं तपासून. पळणं नाही, कारण तो गुडघा. वेळ मात्र पहाटेचीच ठेवली. जाग येतेच आहे तर तिच्याशी भांडण कशाला? पहिले तीन आठवडे स्टिकला हात लावायचा नाही, ही अट तिला सर्वांत जड गेली.

तिसऱ्या भेटीत कागद पुढं ठेवला. तीन रकाने: ‘गेलं’, ‘मिळालंच नाही’, ‘मिळालं’. क्रम हाच. बहुतेक स्वयंमदतीच्या याद्या ‘मिळालं’पासून सुरू होतात आणि तिथंच फसतात, कारण माणूस शहाण्या मुलासारखा अपेक्षित उत्तरं लिहून मोकळा होतो. ‘गेलं’ मध्ये निदान दहा नोंदी हव्यात, आणि प्रत्येक नोंद कॅमेऱ्यात टिपता येईल अशी. ‘हॉकी गेली’ चालणार नाही. ‘मान गेला’ तर नाहीच.

तिनं लिहिलं: पाणी मारलेल्या टर्फचा पहाटेचा वास. पॅडच्या पट्ट्या डाव्या पायापासूनच बांधणं. बसमधली शेवटची सीट, कारण किटबॅग दुसरीकडं कुठं मावतच नाही. हेल्मेटमधून आपलाच श्वास ऐकू येणं. डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, ओरडल्यावर चार जणींनी निमूट ऐकणं. ‘मिळालंच नाही’ मध्ये भारताची जर्सी, आणि शेवटची मॅच शेवटची आहे हे आधी कळणं. यावर दोन भेटी गेल्या. ती रडली, चिडली, निवडसमितीला भरपूर शिव्या दिल्या. त्या शिव्यांना ‘पण बघ ना, तुला नोकरी तर…’ असं ठिगळ लावायचं नाही, एवढं पथ्य समुपदेशकानं आणि घरच्यांनीही पाळायचं. तो ‘पण’ आला की माणूस गप्प होतो आणि कामच थांबतं.

‘मिळालं’चा रकाना उघडला तो पेनल्टी कॉर्नरवरून. हॉकी न पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात: पेनल्टी कॉर्नरला गोलकीपर आणि चार बचावपटू गोलरेषेमागं उभे असतात. हल्ला करणाऱ्या संघानं चेंडू डीबाहेर ढकलला की एक बचावपटू सरळ फ्लिक मारणाऱ्याच्या अंगावर धावत जाते. तिला फर्स्ट रशर म्हणतात. डीची त्रिज्या १४.६३ मीटर. चांगली ड्रॅग-फ्लिक (चेंडू स्टिकनं ओढत आणून उचलून मारलेला फटका) ताशी १०० किलोमीटरच्या पुढं जाते, म्हणजे चेंडू गोलपर्यंत यायला अर्धा सेकंद, आणि वजन १५६ ते १६३ ग्रॅम. गोलकीपरच्या अंगावर छातीपासून पंज्यापर्यंत फोम असतो. रशरकडं फार तर मास्क, हातमोजे आणि गुडघ्या-नडगीचे पॅड. वर नियम असा की पाच मीटरच्या आत असलेल्या रशरला पहिला फटका गुडघ्याखाली लागला तर पुन्हा पेनल्टी कॉर्नर. म्हणजे मार खायचा, आणि परत गोलरेषेमागं जाऊन तेच करायचं.

एका मॅचबद्दल बोलता बोलता ती म्हणाली, “त्या दिवशी मी पाच कॉर्नर वाचवले.” कसे वाचवले, एकेक सांग, असं विचारलं. पहिला डाव्या पॅडवर. दुसरा बाहेर गेला. तिसरा रशरच्या नडगीवर, म्हणून चौथा. चौथाही तिच्याच पायावर, म्हणून पाचवा. पाचवा हिनं हाताच्या प्रोटेक्टरवर घेतला आणि दुसऱ्या दिवशी पेपरात हिचं नाव आलं. इथं ती थांबली. “दोन तर तिनं वाचवले,” म्हणाली. त्या रशरचं लग्न होऊन तिला सात वर्षं झाली होती. निरोपाच्या भाषणातल्या सोळा नावांत ती नव्हती.

कृतज्ञता अशीच सापडते: एका माणसाला उद्देशून, एका कृतीबद्दल. ‘खेळाबद्दल कृतज्ञ राहा’ हा सल्ला म्हणूनच पोकळ ठरतो. खेळ म्हणजे कोण? आभार कुणाचे मानायचे?

तिला पत्र लिहायला सांगितलं. या पद्धतीवर अभ्यास झालेला आहे. मानसशास्त्रज्ञ सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना आभाराचं पत्र लिहून स्वतः नेऊन द्यायला एक आठवडा दिला होता. आनंदात भर पडली, उदासी कमी झाली, परिणाम महिनाभर टिकला आणि तीन महिन्यांनी मोजला तेव्हा ओसरला होता. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पत्रानं आयुष्य बदलेल अशी आशा लागते आणि चौथ्या महिन्यात ‘माझ्यातच खोट आहे’ असा निष्कर्ष निघतो.

पत्राचे नियम थोडे आहेत. एक पान, अडीचशे-तीनशे शब्द. एकच प्रसंग. समोरच्यानं काय केलं, त्याला ते किती महाग पडलं, आणि त्यामुळं आपलं काय झालं, या तीन गोष्टी आल्याच पाहिजेत. काही मागायचं नाही, माफीसुद्धा नाही. माफी मागायची असेल तर ते वेगळं पत्र. शक्य तर समोर बसून, नाहीतर फोनवर वाचून दाखवायचं. व्हॉट्सॲपवर टाकलं की उत्तरादाखल हात जोडल्याची चित्रं येतात आणि विषय संपतो.

तिचा पहिला मसुदा असा होता: “तुझ्या अमूल्य सहकार्यामुळेच मी हे यश संपादन करू शकले.” हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही स्मरणिकेत चपखल बसेल, आणि तिथंच ठेवावं. तिसऱ्या मसुद्यात होतं: “चौथ्या कॉर्नरला तू परत उभी राहिलीस तेव्हा तुझा डावा मोजा सुजलेल्या जागेवर घट्ट झाला होता. मी बघितलं आणि काही बोलले नाही, कारण मला तू हवी होतीस.” आता पत्रात माणूस दिसू लागला.

फोन केला तेव्हा रशरला ती मॅच आठवेना. तिला आठवत होती वेगळीच मॅच, जिच्यात गोलकीपरनं तिच्यावर सगळ्यांदेखत आरडाओरडा केला होता. अशी शक्यता आधीच गृहीत धरून ठेवावी. पत्र वाचताना समोरच्याची प्रतिक्रिया आपल्या पटकथेप्रमाणं येत नाही. कुणी संकोचतं, कुणी थट्टेवारी नेतं, कुणी जुनी तक्रार काढतं. इथं दोघी अर्धा तास त्या आरडाओरड्यावरच बोलल्या आणि शेवटी हसल्या, हे त्यातल्या त्यात बरं झालं.

अवघड होते ते सर. पहिले पॅड त्यांनी स्वतःच्या पगारातून घेऊन दिले होते. वडील आजारी असताना दोन महिने तिच्या घरी किराणा पोचवला होता. हेच सर चुकलं की सर्वांसमोर आईवरून बोलायचे, वजनावरून नावं ठेवायचे, आणि आता दर कार्यक्रमाला ‘मी घडवली’ म्हणून हिला मंचावर बसवायचे. नाही म्हटलं की, “विसरलीस का?” आपल्याकडं गुरूचे उपकार फिटत नाहीत असं लहानपणापासून ऐकवलं जातं, त्यामुळं खेळाडू इथंच अडकतो. आभार मानले तर अपमानही कबूल केल्यासारखं वाटतं आणि अपमानाबद्दल बोललं तर कृतघ्न ठरायची भीती.

इथं दोन स्वतंत्र कागद वापरले. एकावर पॅड आणि किराणा. दुसऱ्यावर शिव्या आणि मंच. दोन्ही खरे. एकाच्या वाक्यात दुसरा शिरू द्यायचा नाही, म्हणून दोन्हींत ‘पण’, ‘तरी’, ‘असो’ हे शब्द खोडायचे. ‘असो’ तर हमखास येतो. पहिला कागद पाठवायचा की नाही हे तिचं तिनं ठरवायचं, दुसरा पाठवायची घाई करायची नाही. आणि मंचासाठी एक तयार वाक्य पाठ करून घेतलं: “सर, या वेळी जमणार नाही. पॅडचं मी विसरलेले नाही.” कारण द्यायचं नाही. कारण दिलं की त्यावर वाटाघाट सुरू होते. पहिल्यांदा हे वाक्य म्हणताना तिचा आवाज कापला, सर दोन महिने बोलले नाहीत, मग स्वतःच फोन केला. आभाराचा कागद तिनं अजून पाठवलेला नाही. तो पाठवलाच पाहिजे असं आमचं मुळीच मत नाही.

एक मर्यादा पक्की. प्रशिक्षकानं किंवा पदाधिकाऱ्यानं मारहाण किंवा लैंगिक त्रास दिला असेल तर त्या माणसाबाबत कृतज्ञतेचा कुठलाही सराव करायचा नाही. तिथं आधी सुरक्षितता, मग लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी संस्थेची अंतर्गत समिती किंवा पोलीस, आणि खेळाडूच्या बाजूनं उभा राहणारा माणूस. ‘त्यांनी तुला घडवलं’ हे वाक्य अशा वेळी घरचेच बोलतात, ते थांबवणं हेही समुपदेशकाचं काम.

रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहा, असा सल्ला सर्रास दिला जातो. खेळाडूला तो आणखी एक ‘ट्रेनिंग शेड्यूल’ वाटतो. दोन दिवस चुकले की अपराधीपणा, मग वही बंद. एमन्स आणि मॅक्युलो या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ च्या अभ्यासाच्या एका भागात लोकांनी आठवड्यातून एकदाच, दहा आठवडे, जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिल्या होत्या. हाच वेग आम्ही ठेवतो. रविवारी, एक नोंद पुरे, आणि निम्म्या तरी नोंदी हॉकीबाहेरच्या हव्यात. नाहीतर वही म्हणजे जुन्या स्कोअरशीटची फाइल होते.

किटबद्दल थोडं सविस्तर, कारण यावर कुणी बोलत नाही. निरोपानंतर पहिल्या पंधरवड्यात खेळाडू दोनपैकी एक करतात: सगळं किट भावनेच्या भरात वाटून टाकतात, किंवा बॅग तशीच बाल्कनीत ढकलतात आणि पावसाळ्यात फोमला बुरशी येते. दोन्हींचा नंतर पस्तावा होतो. तीन महिने कुठलाच निर्णय नको. पॅड, किकर (बुटांवर बांधायचे फोमचे पॅड), छातीचा गार्ड सौम्य साबणाच्या फडक्यानं पुसून सावलीत वाळवायचे. कडक उन्हात फोम कडक होतो, चिरतो. मग एक वस्तू स्वतःकडं ठेवायची, एकच. बाकी द्यायच्या तर मापानं द्यायच्या. मोठे किकर लहान मुलीच्या पायात वळतात आणि ती घसरते. हेल्मेटला बारीक तडा असला तरी ते कुणालाही द्यायचं नाही, आठवण म्हणूनही नाही, कारण कुणीतरी ते घालणारच. हिनं हातांचे प्रोटेक्टर ठेवले. पॅड क्लबला दिले आणि देताना डाव्या पायाची खालची पट्टी सैल होते हे तिथल्या मुलीला दाखवून दिलं.

ऑफिसात वेगळीच पंचाईत होती: नोकरी अकरा वर्षांची, फाइलींचा अनुभव अकरा महिन्यांचाही नाही. ज्युनियर लोक पुढं. यावर एवढंच की एक सहकारी निवडून, आठवड्यातून दोनदा तासभर काम शिकवशील का, असं स्पष्ट विचारायचं. विचारायला लाज वाटते, शिकवणाऱ्याला बहुधा बरंच वाटतं. लगेच कोचिंगमध्ये उडी घेऊ नये, असं आमचं मत. निदान एक हंगाम जाऊ द्यावा. स्वतःचं राहिलेलं दुसऱ्याच्या मुलीकडून वसूल करणारे प्रशिक्षक मैदानावर कमी नाहीत. पंचगिरीचा किंवा प्रशिक्षकाचा प्राथमिक कोर्स त्या काळात करता येतो.

आईला एका भेटीला बोलावलं होतं. तिलाही विचारलं, तुमचं काय गेलं? तीही बराच वेळ बोलली. पहाटे चारचा डबा गेला होता. वीस वर्षं त्या डब्याभोवती तिचा दिवस बांधलेला होता, आणि ‘समाधान मान’ हे ती अर्धं स्वतःलाच सांगत होती.

पाचव्या महिन्यात गोलकीपरची झोप सहा-साडेसहा तासांवर आली, सकाळची गोळी बंद झाली. टीव्हीवर हॉकी लागली की ती अजून उठून जाते. जाऊ दे. ते बदलायची घाई नाही.

ज्यांचा निरोप अजून व्हायचा आहे त्यांच्यासाठी: तारीख ठाऊक असेल तर आठ-दहा आठवडे आधीपासून सराव हळूहळू कमी करा, आणि भाषणात सोळा नावं घेऊ नका. तीन घ्या. प्रत्येकाबरोबर एक प्रसंग सांगा, त्यातला एक जण तरी असा असू दे की ज्याचं नाव ऐकून सभागृहातले लोक एकमेकांना विचारतील, हा कोण? बस ड्रायव्हर, टर्फवर पाणी मारणारा माळी, रशर. उरलेल्या तेरांची यादी घरी करा आणि फोन एकेक करून, महिन्या-दोन महिन्यांत लावा. अध्यक्ष-सचिवांचे आभार सूत्रसंचालक मानतोच.